तारेतले दोनशे तीस

आषाढात कर्जतला लाईट जाणं ही बातमी नसते. कुठे फांदी तारेवर पडते, कुठे इन्सुलेटर फुटतो आणि पुढचे दोन-तीन तास घर इन्व्हर्टरवर चालतं. अशाच एका दिवशी आमच्या आळीतला वायरमन स्विचबोर्ड बदलायला आला होता. अकरावी-बारावीला माझा विद्यार्थी होता, आता स्वतःची कामं घेतो. काम होत आलं आणि लाईट गेली. पंखा घुंऽऽ आवाज करत फिरू लागला, तसा त्याने आपला पिवळा मीटर सॉकेटला लावला. आकडा आला २४४.

"बाई, तुमचा इन्व्हर्टर व्होल्टेज जास्त देतोय."

मी कपाटातून माझा मीटर काढला आणि त्याच सॉकेटला लावला. आकडा आला २२०.

त्याचा मीटर बिघडलाय म्हणावं, तर अर्ध्या तासापूर्वी लाईट असताना दोन्ही मीटरनी त्याच जागी २३१ दाखवले होते. सॉकेट तेच, मीटर तेच, फक्त वीज दुसरीकडून येत होती. "मग खरा कुठला?" त्याने विचारलं. प्रश्न साधा वाटला, पण उत्तर देता देता आम्ही दोघं खोपोलीपर्यंत जाऊन आलो. ते उत्तर इथे जरा सविस्तर लिहिते, कारण 'दोनशे तीस व्होल्ट' हा शब्द आपण सगळेच वापरतो आणि तो आकडा तारेत नेमका कुठे असतो हे क्वचितच कुणी सांगतं.

खोपोलीच्या वर घाटात पाहिलं की डोंगरावरून सरळ खाली उतरणारे जाडजूड पाईप दिसतात. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तळ्यांचं पाणी त्यातून येतं. टाटांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी १९१० मध्ये कंपनी काढली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. त्यानंतर १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं आलं, ठोकळवाडीच्या तळ्यावर चालणारं. आमच्या पेज नदीला उन्हाळ्यातही पाणी दिसतं ते याच वीजघरातून वापरून सोडलेलं. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ या दोन तालुक्यांत पाण्यापासून वीज होते आहे आणि तिचा आकार त्या काळापासून तसूभरही बदललेला नाही.

पाणी सुमारे पाचशे मीटर खाली येतं. एवढ्या उंचीवरून आलेल्या पाण्याची धार नळीच्या तोंडातून सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने सुटते. ती पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते, चाक फिरतं, त्याच आसावर बसवलेली चुंबकं फिरतात. चुंबकांभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. चुंबकाचा उत्तर ध्रुव वेटोळ्यासमोरून गेला की तारेत एका बाजूने रेटा निर्माण होतो, दक्षिण ध्रुव गेला की उलट बाजूने. व्होल्टेज म्हणजे हाच रेटा. समजा जनित्राला वीस ध्रुव आहेत, म्हणजे दहा जोड्या, आणि ते मिनिटाला तीनशे फेरे घेतं. एका सेकंदात पाच फेरे, प्रत्येक फेऱ्यात दहा लाटा, म्हणजे सेकंदाला पन्नास. आपल्या पंख्याच्या पाटीवर '५० हर्ट्झ' लिहिलेलं असतं ते हेच पन्नास.

रेटा एकदम येत नाही आणि एकदम जातही नाही. ध्रुव जसा जवळ येतो तसा तो चढतो, समोर आला की टोकाला पोचतो, पुढे सरकला की उतरतो, शून्य होतो आणि मग उलट दिशेला तसाच चढतो. एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या कडेवर एक ठिपका लावा आणि बाजूने उजेड टाकून भिंतीवर त्याची सावली पाहा. सावली वरखाली होईल, मध्यावरून झपाट्याने जाईल आणि दोन्ही टोकांशी रेंगाळेल. जनित्राची रचना मुद्दाम अशी करतात की व्होल्टेजही त्या सावलीसारखंच चालावं. कागदावर काढलं की तीच साईन वेव्ह.

हा 'साईन' शब्द इंग्रजी वाटतो, पण तो आपल्याकडूनच गेलेला आहे. वर्तुळाच्या कंसाला धनुष्य मानलं, तर त्याची दोरी म्हणजे ज्या. आर्यभटाने पूर्ण दोरीऐवजी अर्धी दोरी घेतली, अर्धज्या, आणि बोलताना तिचीही ज्या झाली. जीवा असंही म्हणत. अरबी गणितज्ञांनी हा शब्द जसाच्या तसा घेतला, पुढे तो 'जैब' असा वाचला गेला, म्हणजे वस्त्राची खोळ. लॅटिन भाषांतरकारांनी त्या खोळीला 'सायनस' म्हटलं आणि तिथून 'साईन' आलं. शिकवताना मी मुलांना हे नेहमी सांगत असे, आणि मग फळ्यावर आर्यभटाची चोवीस आकड्यांची मालिका लिहीत असे. इसवी सन ४९९ मधली ती मालिका विजेच्या लाटेचं इतकं अचूक वर्णन करते की मला अजूनही त्याचं अप्रूप वाटतं.

आर्यभटाने पाव वर्तुळाचे चोवीस सारखे भाग केले आणि दर भागात ज्या कितीने वाढते ते दिलं. सुरुवात अशी: २२५, २२४, २२२, २१९, २१५. शेवट असा: ६५, ५१, ३७, २२, ७. चोवीसही आकड्यांची बेरीज ३४३८.

आता ३४३८ म्हणजे घरातल्या व्होल्टेजचं टोक समजा. ते टोक २३० नाही, ३२५ व्होल्ट आहे. एक लाट २० मिलिसेकंदांची, तिचा चढाचा पाव भाग ५ मिलिसेकंदांचा. पहिल्या भागात, म्हणजे सेकंदाच्या सुमारे पाच हजाराव्या हिश्श्यात, व्होल्टेज शून्यावरून २१ वर जातं. शेवटच्या भागात, तेवढ्याच वेळात, ते एक व्होल्टसुद्धा वाढत नाही. पहिल्या आठ भागांत ते निम्म्या उंचीवर, १६२ च्या पुढे पोचलेलं असतं. शेवटच्या आठ भागांत मिळून त्याला फक्त चव्वेचाळीस व्होल्ट चढायचे असतात. शून्यापाशी धाव आणि टोकापाशी विसावा असा हा चढ आहे. टोकानंतर तेच आकडे उलट्या क्रमाने, मग शून्याखाली पुन्हा तसंच. सेकंदाला पन्नास वेळा.

मग या लाटेला एकच आकडा द्यायचा तर कोणता? पूर्ण लाटेची सरासरी काढली तर ती शून्य येते, कारण जेवढं वर तेवढंच खाली. पण शून्य सरासरीवर आपलं पाणी तापतं, म्हणजे ती सरासरी निरुपयोगी. टोकाचे ३२५ सांगावेत तर तिथे व्होल्टेज क्षणभरच असतं. विद्युत अभियंत्यांनी उष्णता हा निकष धरला. बादलीत सोडलेला हीटर बॅटरीसारख्या एकाच दिशेच्या स्थिर विजेवर जेवढ्या वेळात पाणी तापवेल, तेवढ्याच वेळात ही वरखाली होणारी वीज तापवते का? किती व्होल्टच्या स्थिर विजेची ती बरोबरी करते? तो आकडा त्या लाटेचा.

हीटरमधली उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. व्होल्टेज दुप्पट, तर उष्णता चौपट. वर्गामुळे उणे-अधिकचा घोळही मिटतो, कारण उणे संख्येचा वर्ग अधिकच. म्हणून क्षणोक्षणीच्या व्होल्टेजचा वर्ग करायचा, त्या वर्गांची सरासरी काढायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. पुस्तकात याला 'वर्गमाध्यमूळ' म्हणतात, बाजारात 'आरएमएस'. ३२५ चा वर्ग १,०५,६२५. लाटेच्या वर्गाची सरासरी टोकाच्या वर्गाच्या बरोबर निम्मी येते, म्हणजे ५२,८१२. तिचं वर्गमूळ २२९.८. हे आपले दोनशे तीस.

निम्मीच का, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. दोन लाटा कल्पा, एक दुसरीच्या पाव लाट पुढे. पहिली टोकाला असते तेव्हा दुसरी शून्यावर. पायथागोरसच्या नियमाने या दोघींच्या वर्गांची बेरीज प्रत्येक क्षणी सारखीच राहते, टोकाच्या वर्गाएवढी. दोघींचा आकार एकच असल्याने ती बेरीज दोघींत सारखी वाटली जाते, म्हणून प्रत्येकीची सरासरी निम्मी.

आता आर्यभटाच्या मालिकेकडे परत जा आणि चोवीसपैकी पहिल्या बारा आकड्यांची बेरीज करा. येते २४३१. ही बारावी ज्या, पंचेचाळीस अंशांची. ३४३८ ला ३२५ व्होल्ट धरले तर २४३१ ला किती? २३०. म्हणजे चढाच्या वेळेच्या अगदी मधोमध, शून्यापासून अडीच मिलिसेकंदांवर, तार खरोखर २३० व्होल्टवर असते. उतरताना पुन्हा एकदा, आणि उलट्या बाजूने दोनदा. सेकंदाला दोनशे वेळा ती या आकड्यावरून जाते आणि एकदाही तिथे थांबत नाही.

माझा विद्यार्थी इथे थांबला. "मग मीटर २३१ वर स्थिर कसा राहतो?"

मीटर क्षणोक्षणीचं व्होल्टेज दाखवतच नाही, तो हिशोब करून दाखवतो, आणि दोन मीटरचा हिशोब वेगळा असू शकतो. स्वस्त मीटर वर्ग-वर्गमुळाच्या भानगडीत पडत नाही. तो लाटेचा उणे भाग उलटा करून वर घेतो आणि साधी सरासरी काढतो. ३२५ टोकाच्या साईन वेव्हची अशी सरासरी २०७ येते. खरं उत्तर २३० आहे हे कारखान्यात ठाऊक असतं, म्हणून मीटर २०७ ला १.११ ने गुणतो आणि २३० दाखवतो. लाट साईन असेल तोवर हे बिनचूक चालतं. पण आमचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लाटेचा, दुकानात ज्याला 'स्क्वेअर वेव्ह' म्हणतात. त्यात चढ-उतार नाहीच: व्होल्टेज अधिक २२० वर सपाट राहतं आणि एका झटक्यात उणे २२० वर जातं. त्याची सरासरी २२० आणि उष्णतेच्या हिशोबानेही २२०च. पिवळ्या मीटरला हे कळायला मार्ग नाही; त्याने २२० ला सवयीने १.११ ने गुणलं आणि २४४ दाखवले. माझ्या मीटरवर 'ट्रू आरएमएस' असं लिहिलेलं आहे. तो लाटेचे अनेक नमुने घेऊन खरोखरच वर्ग, सरासरी, वर्गमूळ करतो. किंमत जास्त पडते, पण इन्व्हर्टर, डिमर, लिफ्टचे ड्राइव्ह यांच्यावर काम करणाऱ्याने तोच घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

पंख्याचं घुंऽऽ देखील त्या चौकोनातूनच येतं. फ्रेंच गणितज्ञ फूरिये याने १८२२ मध्ये दाखवलं की कुठलीही पुन्हापुन्हा येणारी लाट ही साध्या साईन लाटांची बेरीज म्हणून मांडता येते. चौकोनी लाटेत पन्नासच्या जोडीला दीडशे, अडीचशे, साडेतीनशे हर्ट्झच्या लाटा दडलेल्या असतात. पंखा फिरवायचं काम पन्नासची लाट करते. बाकीच्या मोटरच्या पत्र्यांना थरथरवतात आणि तापवतात.

टोकाच्या ३२५ ला रोजच्या बोलण्यात जागा नसली तरी वस्तू बनवणाऱ्याला तो आकडा विसरून चालत नाही. बंद पडलेला एलईडी बल्ब कधी उघडून पाहिलात, तर आत बोटाच्या पेराएवढा उभा दंडगोल दिसतो. तो कपॅसिटर, आणि त्यावर बहुधा '४०० व्ही' छापलेलं असतं. २३० च्या लाईटला ४०० चा कशाला, तर बल्बमधलं सर्किट लाटेला एका बाजूला वळवतं आणि कपॅसिटर तिच्या टोकापर्यंत भरतो, म्हणजे ३२५ पर्यंत. २५० चा घातला तर तो पहिल्याच दिवशी फुगून फुटेल. बल्ब काढल्यावरही त्यात काही काळ वीज साठून राहू शकते, म्हणून लगेच उघडून बोट लावू नये.

वीज आपल्या गावात येते ती तीन तारांनी, तीन लाटा घेऊन, प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या एक तृतीयांश फेरा मागे. जनित्रात वेटोळ्यांचे तीन संच गोलाकार बसवले की हे आपोआप होतं. कुठल्याही एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत २३०. पण दोन फेजांमध्ये मोजलं तर ४६० येत नाहीत, ४०० येतात, कारण दोन्ही लाटा एकाच वेळी विरुद्ध टोकांना नसतात. २३० ला तीनच्या वर्गमुळाने, १.७३२ ने, गुणलं की ३९८. कर्जतच्या पट्ट्यातल्या भाताच्या गिरण्या या तीन फेजांवर चालतात. तीन लाटा मिळून मोटरमध्ये एक फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करतात आणि मोटर त्याच्या मागे ओढली जाते. एक फेज गेली की ते क्षेत्र लंगडं होतं. चालू असलेली मोटर गुरगुरत फिरत राहते, उरलेल्या दोन तारांतून जास्त करंट खेचते आणि थोड्या वेळात वेटोळी जळल्याचा वास येतो. 'फेज गेली, मोटर बंद करा' असं गिरणीत ओरडून सांगतात ते यासाठी.

न्यूट्रल तुटणं त्याहून वाईट. वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली की दोन वेगवेगळ्या फेजांवरची घरं नकळत एकमेकांना जोडली जातात आणि ४०० व्होल्ट आपापसात वाटून घेतात. ज्या घरात मोठा लोड चालू, तिथे व्होल्टेज पडतं; ज्या घरात फक्त टीव्ही आणि दोन दिवे, तिथे ते तीनशेच्या पुढे चढतं. एका घरात दिवे मिणमिणतात आणि शेजारी भडकतात, असं दिसलं तर मीटर शोधत बसू नका, आधी मेन स्विच बंद करा आणि मग महावितरणला कळवा.

डीपीच्या, म्हणजे रोहित्राच्या पाटीवर ४३३ हा आकडा वाचायला मिळतो. त्याला १.७३२ ने भागलं तर २५० येतात. डीपीतून निघतानाच व्होल्टेज जरा चढं ठेवतात, कारण तारेत ते झिजत जातं. डीपीजवळच्या घरात २४० आणि लाईनच्या टोकाच्या वाडीत संध्याकाळी २०० हे त्यामुळे होतं. दोनशे तीसच्या जागी दोनशे मिळाले तर हीटरची उष्णता पाव भागाने कमी होते, कारण इथेही हिशोब वर्गाचाच.

तारेत कमी झिजावं म्हणून तर ही लाट हवी. लाटेचं व्होल्टेज रोहित्राने हवं तेवढं वाढवता-घटवता येतं. स्थिर विजेला त्या काळी ते जमत नव्हतं. खोपोलीहून परळला वीज एक लाख व्होल्टवर नेली गेली. तीच वीज पाच हजार व्होल्टवर नेली असती तर करंट वीसपट लागला असता आणि तेवढ्याच तारेत उष्णतेचा तोटा चारशेपट झाला असता.

हाच हिशोब कर्जत स्टेशनात डोक्यावर दिसतो. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली, १५०० व्होल्टच्या स्थिर विजेवर, आणि १९३० मध्ये डेक्कन क्वीन विजेच्या इंजिनाने बोरघाट चढू लागली. घाट चढणाऱ्या गाडीला सहा मेगावॅट लागले असं धरा. १५०० व्होल्टवर त्यासाठी चार हजार अँपिअर हवेत. त्यामुळे तारा जाडजूड आणि सबस्टेशनं जवळजवळ होती. आता तारेत २५ हजार व्होल्टची लाट आहे आणि तेवढ्याच कामाला २४० अँपिअर पुरतात. मुंबईच्या लोकल मार्गांवरची शेवटची स्थिर वीज २०१६ मध्ये हार्बर मार्गावर संपली. २५ हजार हाही आरएमएस आकडाच. त्या तारेचं टोक ३५ हजारांवर जातं, आणि इन्सुलेटर त्या टोकाला पुरून उरेल असाच लावावा लागतो.

बोलता बोलता अंधारून आलं. माझ्या मीटरवर हर्ट्झचं बटण आहे ते त्याने दाबलं. इन्व्हर्टरवर आकडा ५०.०० होता आणि जागचा हलत नव्हता. आतल्या चिमुकल्या सर्किटला पन्नासची लय कायमची नेमून दिलेली असते, घरात काय चालू आहे याचा तिच्याशी संबंध नाही. खऱ्या जाळ्यात तसं नसतं. मागणी वाढली की जनित्रांवर ओझं येतं, चाकं किंचित मंदावतात आणि वारंवारता उतरते. मागणी घटली की ती चढते. नियमाप्रमाणे तिला ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान ठेवायचं असतं. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी ठरवून नऊ मिनिटं दिवे बंद ठेवले, तेव्हा काही मिनिटांत मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली आणि परत चढली. तो हिंदोळा मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी सांभाळला. कोळशाच्या केंद्राला एवढ्या लवकर कमी-जास्त होता येत नाही, पण पाण्याच्या धारेच्या तोंडातली सुई पुढे-मागे केली की चाकावरचा जोर लगेच बदलतो.

साडेसातला लाईट आली. पंख्याचा आवाज एकदम थांबला आणि तो गुपचूप फिरू लागला. दोन्ही मीटर सॉकेटलाच होते. पिवळा २२६ म्हणाला, माझाही २२६. त्याने पुन्हा हर्ट्झचं बटण दाबलं आणि आम्ही दोघं पाहत राहिलो. ४९.९७, ४९.९८, ५०.०१, ४९.९९. आकडा एका जागी राहत नव्हता.

"बाई, हे भिवपुरीचं चाक का?"

"भिवपुरीचं, खोपोलीचं, चंद्रपूरचं, सगळ्यांचं मिळून. २०१३ च्या डिसेंबरअखेर दक्षिणेचं जाळंही जोडलं गेलं, तेव्हापासून अख्ख्या देशात एकच लय आहे."

त्याने मीटर काढला नाही. ५०.०२ झाले, परत ४९.९८.